ऑइल सील बसवताना ओठ कोरडा ठेवू नका

घासलेटचा पितळी स्टोव्ह ज्यांच्या घरात होता, त्यांना पंपाचं वायसर चांगलंच ठाऊक असतं. बरेच दिवस स्टोव्ह पेटवला नाही की पंप नुसताच खालीवर व्हायचा, हवा काही भरायची नाही. मग घरातलं कुणीतरी दांडी बाहेर काढून टोकाच्या चामड्याच्या वाटीला दोन थेंब गोडं तेल लावायचं, बोटांनी ती वाटी जरा फुलवायचं आणि दांडी पुन्हा आत सारायचं. दोन मिनिटांत स्टोव्ह फरफरायला लागायचा. सायकलच्या पंपालाही हाच इलाज. चामडं कोरडं पडलं की आक्रसतं, कडा सुटतात, हवा निसटते. तेल मिळालं की मऊ होऊन नळीला सगळीकडून टेकतं.

तुमच्यापैकी अनेकांनी तो स्टोव्ह पाहिलेलाही नसेल. पण दारातल्या गाडीत त्याच वायसरची भावंडं बसलेली आहेत. इंजिनाच्या दोन्ही टोकांना, गिअरबॉक्समधून एक्सल बाहेर येतो तिथे, मागच्या चाकांना ओढ देणाऱ्या गाडीत डिफरन्शियलच्या तोंडाशी. गॅरेजमध्ये त्यांना सरसकट ‘ऑइल सील’ म्हणतात. आणि हे नातं नुसतं उपमेपुरतं नाही. जर्मनीतल्या वाइनहाइम गावी फ्रॉयडेनबर्ग यांचा चामडं कमावण्याचा धंदा १८४९ पासून चालत आलेला. १९२९ च्या मंदीत तो अडचणीत आला, तेव्हा त्यांनी हाताशी असलेल्या चामड्यातून यंत्रांसाठी सील बनवायला घेतले. वाल्टर झिमर या ऑस्ट्रियन इंजिनिअरच्या नावावरून त्यांच्या सीलला ‘झिमररिंग’ नाव पडलं आणि १९३० च्या दशकातच चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. चामड्याचे सील बसवण्याआधी तेलात भिजवून ठेवायची पद्धत होती. रबर आलं तसं ते भिजवणं संपलं, आणि त्याबरोबर ‘बसवण्याआधी ओलं करायचं’ ही सवयही पुष्कळ हातांतून गळून पडली. आजचा लेख त्या सवयीबद्दल आहे.

हल्ली व्हिडिओ पाहून घरच्या घरी गाडीचं काम करणारी मुलंमुली आपल्या मंडळातही वाढली आहेत. ब्रेक पॅड, फिल्टर, प्लग इथपासून सुरुवात होते आणि एक दिवस गाडीखाली रुपयाएवढा डाग दिसतो. इंजिन ऑइल वापरून काळं होतं. गिअरचं तेल बहुधा मधासारखं असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. डाग गाडीच्या मधल्या रेषेपासून थोडा बाजूला, एक्सल जिथून निघतो त्याच्या खाली असेल, तर संशय साइड सीलवर.

हा डाग दुर्लक्षिण्यासारखा का नाही, ते आधी सांगतो. इंजिनात तेलाचा दाब गेला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. हातानं गिअर टाकायच्या साध्या गाडीत गिअरबॉक्सच्या तेलासाठी असा दिवा नसतो. छोट्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेल असतं साधारण दोन लिटर, आणि बऱ्याच गाड्यांत ते तपासायला गाडीखाली जाऊन प्लग उघडावा लागतो. त्यामुळे ते कुणी पाहत नाही. थेंब थेंब करत निम्मं गेलं तरी गाडी चालतच राहते. ‘घूंऽऽ’ असा आवाज ऐकू येतो, तोवर बेअरिंगचा पृष्ठभाग खरवडला गेलेला असतो. शे-दोनशेचा सील आणि अख्खा गिअरबॉक्स उघडणं, यांच्यात मध्ये काही नसतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या, अखंड ॲक्सलच्या गाड्यांत आणखी एक धोका: चाकाजवळचा सील गेला तर तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं आणि त्या चाकाचा ब्रेक लागत नाही.

आता सीलकडे नीट बघा. बाहेर पत्र्याचं कडं, कधी त्यावर रबराचं आवरण. आत रबराचा पातळ, तिरका ओठ. ओठाच्या मागच्या खोबणीत बारीक स्प्रिंगचं वळं, जे ओठाला शाफ्टवर दाबून धरतं. बऱ्याच सीलना बाहेरच्या बाजूला दुसरा छोटा ओठ असतो. तो धूळ अडवतो. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते हे, की नीट चालणाऱ्या सीलमध्ये रबर धातूला थेट टेकलेलं नसतंच. मध्ये तेलाचा पडदा असतो, जेमतेम एका मायक्रॉनच्या घरातला. माणसाचा केस त्याच्या पन्नास-साठ पट जाड. या पडद्यावर ओठ तरंगतो, थंड राहतो, आणि रबराच्या अंगच्या सूक्ष्म उंचवट्यांमुळे बाहेर येऊ पाहणारं तेल सतत आत ढकलत राहतो. थोडक्यात, ओठाला तेल अडवण्यासाठीसुद्धा तेलच लागतं.

नवा सील कोरडा ठोकला तर हा पडदा कुठून येणार? गिअरबॉक्समध्ये तेल भरलं तरी ते ओठापर्यंत लगेच पोचेल असं नाही. गिअर फिरून उडवतील तेव्हा पोचेल. तोवर रबर चकचकीत पोलादावर कोरडं घासतं. हिशेब करून बघा. छोट्या गाडीचं चाक एका फेऱ्यात साधारण पावणेदोन मीटर जातं, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ६०० फेरे. ओठ टेकतो तिथे शाफ्टचा व्यास ३५ मिलिमीटर धरला तर एका फेऱ्यात ११ सेंटिमीटर धातू ओठासमोरून सरकतो, आणि पहिल्या किलोमीटरमध्ये ६६ मीटर. खोडरबर फरशीवर ६६ मीटर घासलं तर त्याचं काय होईल, ते डोळ्यांपुढे आणा. इंजिनाच्या मागच्या सीलची गत आणखी वाईट. तिथे क्रँकशाफ्टचा व्यास ८० मिलिमीटर आणि फेरे मिनिटाला ३००० असतील, तर वेग सेकंदाला साडेबारा मीटरवर जातो.

आमच्या ओळखीतल्या एका घरी असंच झालं. बारा वर्षं जुनी हॅचबॅक, डाव्या साइड सीलमधून गळती. एका गॅरेजमध्ये सील बदलला. दोन महिन्यांत पुन्हा ओलं. पुन्हा बदलला, पुन्हा तेच. मिस्त्रींचं म्हणणं, ‘माल लोकल येतो हल्ली’. तिसऱ्या खेपेला घरातली इंजिनिअरिंगला असलेली मुलगी स्वतः गाडीखाली शिरली. तिनं काढलेला सील फेकून न देता खिडकीच्या उजेडात धरला, आणि मला विचाराल तर सगळ्या कामातली ही सर्वांत शहाणपणाची पायरी. चांगल्या वापरलेल्या सीलच्या ओठावर झिजेची रेषा बारीक आणि एकसारखी असते. इथे ती रुंद होती, चकाकत होती, नखानं दाबली तर रबर टणक लागत होतं, बारीक तडेही होते. म्हणजे ओठ कोरडा घासून भाजला होता. शिवाय एका ठिकाणी तिरका काप होता. तो एक्सल आत घालताना त्याच्या दात्यांनी, म्हणजे स्प्लाइननी, घातलेला.

तिनं आणखी एक गोष्ट पाहिली, जी घाईच्या गॅरेजमध्ये क्वचितच पाहिली जाते. गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवेसाठी एक छोटी नळी किंवा टोपी असते. तेल तापलं की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर जाते. ती टोपी चिखलानं बंद होती. वाट बंद झाली की आतला दाब सीलवर येतो, आणि कितीही चांगला सील असला तरी तेल ओठाखालून बाहेर रेटलं जातं. साइड सील वारंवार जात असेल तर आधी ही टोपी साफ करून मग सीलला नावं ठेवा.

आता मुख्य काम: कुठे काय लावायचं. साध्या काळ्या किंवा तपकिरी रबराच्या सीलचा ओठ ज्या तेलाला अडवणार, तेच तेल लावणं सर्वांत सुरक्षित. गिअरबॉक्समध्ये ८०डब्ल्यू-९० असेल तर तेच, ऑटोमॅटिकचं तेल असेल तर ते. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. स्वच्छ बोटानं ओठावर गोल फिरवून ओलसर थर द्यायचा, आणि शाफ्टच्या ज्या पट्ट्यावर ओठ टेकणार तिथेही. दोन ओठांचा सील असेल तर त्यांच्यामधल्या खोबणीत साधं लिथियम ग्रीस भरा, पण ठासून नाही. एक तृतीयांश ते निम्मी जागा भरली की पुरे. बाहेरच्या धुळीच्या ओठापर्यंत आतलं तेल कधीच पोचत नाही, त्याला आयुष्यभर हेच ग्रीस मिळणार आहे. स्प्रिंगच्या खोबणीतही बोटभर ग्रीस दाबा. वंगणासाठी नव्हे, सील ठोकताना धक्क्यानं ती स्प्रिंग उडून ओठावरून निसटते, ग्रीस तिला जागच्या जागी धरतं. गिअरबॉक्समध्ये पडलेलं स्प्रिंगचं वळं शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

गंज सोडवायचा फवारा या कामाला चालत नाही. तो पातळ असतो, उडून जातो, मागे राहते जेमतेम ओल. गॅस्केटची पेस्ट तर ओठाच्या जवळही आणू नका. ओ-रिंगसाठी साधं पेट्रोलियम जेली, म्हणजे आपलं व्हॅसलिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कामात पुष्कळ वापरतात, कारण ते तापल्यावर वितळून तेलात मिसळून जातं, गोळा राहत नाही. जाड ग्रीसचे गोळे तिथल्या बारीक वाटांमध्ये अडकू शकतात.

सीलच्या बाहेरच्या कडेचा नियम वेगळा, आणि इथेच उत्साहात सगळीकडे ग्रीस फासणारे फसतात. बाहेरची कड घट्ट बसूनच टिकते. ती उघड्या पत्र्याची असेल तर घर स्वच्छ आणि कोरडं करून बसवा. तिच्यावर रबर असेल तर तेलाचा किंवा साबणाच्या पाण्याचा अगदी पातळ हात पुरे, म्हणजे रबर सोलवटणार नाही. तिथे ग्रीस थापलं तर सील बसल्यावर हळूच मागे सरकून येतो.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. काही नव्या इंजिनांचे क्रँकशाफ्टचे सील पीटीएफई या पदार्थाचे असतात. ओठ रुंद, गुळगुळीत, स्प्रिंग नसते, आणि आत प्लॅस्टिकची बाही घालून येतात. हे कोरडेच बसवायचे असतात, शाफ्टही पुसून कोरडा. त्या पदार्थाचा अतिपातळ लेप शाफ्टवर चढतो आणि मग सील काम करतो. मध्ये तेल आलं तर लेप नीट चढत नाही. ती बाही फेकून ओठाला ग्रीस लावणं म्हणजे नवा सील वाया घालवणं. पाकिटातला कागद वाचा. बसवल्यावर काही तास गाडी सुरू करू नका असंही त्यात लिहिलेलं असतं.

दुसरी सीमारेषा ब्रेकची. एक्सल काढायचा तर ब्रेकचं कॅलिपर बाजूला करावं लागतं, आणि हातात ग्रीस असतं, म्हणून हे इथे सांगायलाच हवं. ब्रेकच्या आतली रबरं बहुधा ईपीडीएम जातीची असतात. ब्रेक ऑइल त्यांना मानवतं, पण खनिज तेल किंवा साधं ग्रीस लागलं की ती फुगतात, मऊ पडतात आणि पिस्टन अडकतो. तिथे ताजं ब्रेक ऑइल किंवा खास लाल रबर ग्रीसच लावायचं. हे लाल ग्रीस वनस्पती तेलाचं, बहुधा एरंडेलाचं असतं. देशातला बहुतांश एरंड गुजरातेत पिकतो, त्यामुळे बडोद्याच्या वाचकांनी ते परकं समजायचं कारण नाही. लहानपणी नाक दाबून आपल्याला पाजलेलं एरंडेल ब्रेकच्या रबराला मात्र मनापासून मानवतं.

क्लचजवळ हात आखडता घ्या. इंजिनाचा मागचा सील आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचा सील क्लच प्लेटला लागूनच असतात. जास्तीचं ग्रीस फिरताना उडतं आणि प्लेटवर बसतं, मग क्लच घसरायला लागतो. एक्सलच्या रबरी बुटाबद्दलही तेच. बुटाच्या आत त्याच्या पाकिटात आलेलं काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस पूर्ण भरायचं, पण जिथे पट्टी आवळायची ती जागा मात्र पुसून कोरडी हवी. तिथे ग्रीस राहिलं तर बूट सरकतो आणि पहिल्या पावसात आत चिखल.

प्रत्यक्ष बसवताना हातोडी थेट सीलवर नको. सीलच्या बाहेरच्या कडेएवढा मोठा सॉकेट किंवा पीव्हीसी पाइपचा जोडतुकडा घ्या, सरळ धरा, चारी बाजूंनी थोडं थोडं ठोका. खोली जुन्या सीलएवढी. म्हणून जुना काढण्याआधी फोटो काढा. काही सीलच्या तोंडावर बाण असतो, तो शाफ्ट फिरायची दिशा दाखवतो, आणि अशा गाड्यांत डावा-उजवा सील वेगळा मिळतो. दुकानात मागतानाच बाजू सांगा.

मग एक्सल आत घालायचा. माझ्या मते नव्या सीलचा घात बहुतेक वेळा याच क्षणी होतो. एक्सल जड असतो, एका हाताला तो झेपत नाही, आणि दात्यांची धारदार टोकं ओठावरून खरखरत जातात. पाण्याच्या बाटलीचं पातळ प्लॅस्टिक कापून दात्यांभोवती गुंडाळा किंवा टेप लावा, वर तेलाचा हात द्या, आणि दुसऱ्या माणसाला बाहेरचं टोक उचलून धरायला सांगा. दाते ओठापलीकडे गेले की प्लॅस्टिक काढून घ्यायचं आणि शेवटच्या ढकलीला ‘टक्’ आवाज येईपर्यंत आत सारायचं. टोकाची गोल क्लिप नवी टाकली असेल तर तो आवाज स्पष्ट येतो.

या कामाचं धाडस करणाऱ्यांना दोन गोष्टी वडीलकीनं सांगतो. गाडी जॅकवर उभी ठेवून तिच्याखाली कधीच जायचं नाही. लोखंडी स्टँड, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक, तिन्ही हवेत. चाकाच्या मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा आणि जमिनीवरच शेवटचा आवळायचा. आणि तेल काढण्याआधी भरायचा प्लग उघडतो की नाही ते पाहून घ्या. तो गंजून अडकला असेल आणि खालचा तुम्ही आधीच उघडला असेल, तर गाडी तिथेच बसली. काढलेलं तेल डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या. गटारात ओतलेलं शेवटी नदीतच जातं.

काम झाल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत सीलच्या कडेला थोडं ओलं दिसलं तर घाबरू नका. दोन ओठांमधलं जास्तीचं ग्रीस तापून पाझरतं. फडक्यानं पुसा, एक कोरा पुठ्ठा रात्री गाडीखाली सरकवा, दोनेकशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा बघा. पुठ्ठा कोरा असेल तर भरायचा प्लग एकदा उघडून तेल त्याच्या कडेपर्यंत आहे ना, ते बोटानं तपासा. त्या मुलीनं हे तपासलं ते पाऊस सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात. पावसाळा सरला, आणि पुठ्ठा अजून कोरा आहे.